कॉम्रेड्सनंतरचे दोन महिने

दक्षिण आफ्रिकेत डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधल्या रस्त्यावर दरवर्षी कॉम्रेड्स मॅरेथॉन होते, बहुतेक वेळा जूनमध्ये. नाव मॅरेथॉनचं असलं तरी अंतर तिच्या दुपटीहून जास्त, साधारण ८६ ते ९० किलोमीटर. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने २४ मे १९२१ रोजी ती सुरू केली. त्या दिवशी ३४ जण धावायला उभे राहिले आणि १६ जण शेवटपर्यंत पोहोचले. आता हजारो धावतात. भारतातून काहीशे जण जातात, आणि त्यांत पुणे, मुंबई, नाशिक, सातारा, कोल्हापूर इथली मंडळी ठळकपणे दिसतात.

या शर्यतीच्या तयारीबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं. आठवड्याला किती किलोमीटर, कुठला घाट, कुठले बूट, जेल किती घ्यायचे, यावर तासन्‌तास चर्चा रंगते. शर्यत संपल्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मात्र ‘आठ दिवस आराम कर आणि ये’ एवढाच सल्ला मिळतो. तो अपुरा आहे, कधी कधी धोक्याचाही. पायांचं दुखणं थांबलं म्हणजे शरीर सावरलं असं होत नाही. स्नायू, मूत्रपिंडं, प्रतिकारशक्ती, कंडरा, हाडं, झोप आणि मन यांतल्या प्रत्येकाला भरून यायला वेगळा वेळ लागतो. पुढच्या शर्यतीची तारीख यांतल्या सगळ्यांत सावकाश सावरणाऱ्या भागाकडे बघून ठरवावी, हे मला मनापासून सांगायचं आहे.

शेवटच्या रेषेनंतरचे काही तास

कॉम्रेड्सची वेळमर्यादा १२ तासांची. पहाटे अंधारात निघालेले बरेच धावपटू संध्याकाळी दिवस मावळताना पोहोचतात. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो. घामाने भिजलेल्या अंगावर गार वारा लागला की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. म्हणून पहिलं काम कोरडे कपडे चढवण्याचं. फोटो नंतर काढता येतात.

रेषा ओलांडल्यावर एकदम थांबू नये. इतके तास पायांच्या स्नायूंच्या हालचालीमुळे रक्त हृदयाकडे परत ढकललं जात असतं. ती हालचाल अचानक थांबली की रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि माणूस भोवळ येऊन पडतो. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालत राहावं. भोवळ आलीच तर आडवं होऊन पाय उंच ठेवावेत.

पाण्याच्या बाबतीत फार सावध राहायला हवं. ‘भरपूर पाणी पी’ असं म्हणून पोहोचलेल्याच्या हातात बाटल्या कोंबणारे हितचिंतक सगळीकडे भेटतात. पण अतिपाण्याने रक्तातलं सोडियम घटण्याचा विकार वैद्यकाच्या लक्षात आला तो दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये. केपटाऊनचे डॉ. टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा चार जणांची नोंद प्रसिद्ध केली. १९८१च्या कॉम्रेड्समध्ये बेशुद्ध पडलेली एक महिला धावपटू त्यांत होती. शर्यत संपून दोन-तीन तासांनीसुद्धा हा त्रास डोकं वर काढू शकतो. वाढत जाणारी डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजून अंगठी रुतणं, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी पाजणं म्हणजे जिवाशी खेळ. थेट वैद्यकीय तंबू गाठावा. एरवी तहान लागेल तसं, घोट घोट प्यावं आणि सोबत खारट काहीतरी खावं.

लघवीकडे लक्ष ठेवावं. पहिल्यांदा ती गडद पिवळी असणं साहजिक आहे. पण कोऱ्या चहासारखी काळपट तपकिरी झाली, किंवा बरेच तास झालीच नाही, तर दवाखाना गाठायचा. मोडलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण आल्याची ती खूण असते.

याच कारणासाठी त्या रात्री आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नये. या गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, आणि तो आधीच घटलेला असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे ८० किलोमीटरच्या टप्प्यात काही धावपटूंना आयबुप्रोफेन आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली गेली. आयबुप्रोफेन घेतलेल्यांत मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झालेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. आपल्याकडे ही औषधं किराणा आणावा तशी आणली जातात आणि शर्यतीच्या पाऊचमध्ये हमखास सापडतात. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून आणि ठरलेल्या मात्रेत.

मांड्यांचं काय झालेलं असतं

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, डरबनच्या हॉटेलांतले जिने बघण्यासारखे असतात. माणसं कठड्याला धरून, पाठमोरी, एकेक पायरी चाचपत उतरत असतात. चढायला तितका त्रास होत नाही, उतरताना जीव जातो. याचं कारण शर्यतीच्या रस्त्यात आहे.

कॉम्रेड्सची दिशा बहुधा दरवर्षी बदलते. डरबनहून पीटरमॅरिट्झबर्गला जाणारी ती अपरन, उलटी ती डाउनरन. पीटरमॅरिट्झबर्ग समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचावर आहे, आणि रस्त्यातला सगळ्यांत उंच भाग, उमलास रोड, सुमारे ८०० मीटरवर. डाउनरनमध्ये हे सगळं उतरून समुद्रकाठी यायचं. त्यातला फील्ड्स हिलचा तीव्र उतार निम्मी शर्यत संपून गेल्यावर, मांड्या थकलेल्या असताना समोर येतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसून शरीराचं वजन तोलतो. या दुहेरी ओढीत त्याचे सूक्ष्म तंतू तुटतात. चढावर दम लागतो आणि उतारावर स्नायू मोडतो, असं अनुभवी धावपटू सांगतात ते अगदी खरं आहे.

स्नायू मोडल्याचा पुरावा रक्तात दिसतो. क्रिएटिन कायनेज नावाचं विकर एरवी एका लिटरमागे सुमारे २०० एककांच्या आत असतं. अल्ट्रानंतर, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीनंतर, ते कित्येक हजारांवर, काहींच्या बाबतीत दहा हजारांच्याही वर जातं. पहिल्या एक-दोन दिवसांत ते शिखर गाठतं आणि पुढच्या आठवड्याभरात उतरतं. दुखणंही साधारण याच चालीने ओसरतं. सातव्या-आठव्या दिवशी माणूस जिना नीट उतरतो आणि त्याला वाटतं, झालं, सावरलो.

दक्षिण आफ्रिकेतल्याच संशोधकांनी १९९८ मध्ये एक साधा पण फार बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. ९० किलोमीटरची शर्यत धावलेल्यांना त्यांनी पुढचे काही आठवडे जागच्या जागी उंच उडी मारायला लावली. ती उडी शर्यतीआधीच्या उंचीला पोहोचायला अडीच आठवड्यांहून जास्त वेळ लागला. अठराव्या दिवसापर्यंत ती कमीच भरत होती. मधल्या दिवसांत माणूस ऑफिसला जातो, गाडी चालवतो, मुलांना कडेवर घेतो, कुठेच दुखत नाही, पण स्नायूतली ताकद अजून परतलेली नसते. धावपटूंची फसगत होते ती याच आठवड्यांत. दुखत नाही म्हणून तो वेगाने धावतो, मांडी झटका शोषू शकत नाही, आणि तो भार गुडघा, पिंढरी, टाच यांच्यावर जातो.

रक्त कधी तपासावं

परतल्यावर लगेच ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. पहिल्या आठवड्यात या चाचण्या नाहक घाबरवतात किंवा खोटा दिलासा देतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही नावं आपण यकृताशी जोडतो, पण ती विकरं स्नायूंतही असतात. मोडलेल्या स्नायूंमुळे ती वाढतात आणि यकृत ठणठणीत असलेल्या माणसाच्या घरात काळजीचं वातावरण पसरतं. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी बघतात ते ट्रोपोनिनही लांब शर्यतीनंतर काही काळ वाढलेलं असतं. अर्थात छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर हा विचार बाजूला ठेवून ताबडतोब तपासणी करायची.

फेरिटिनचं याच्या उलट. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं हे प्रथिन दाह असताना वाढतं. म्हणजे साठा रिता असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. काही त्रास नसेल तर तीन-चार आठवडे थांबून हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन तपासावं. शाकाहारी घरांतल्या धावपटूंनी बी-१२ आणि लोह चुकवू नये. आणि नमुना देताना, डॉक्टरांना अहवाल दाखवताना, ‘अमुक तारखेला ९० किलोमीटर धावलोय’ हे सांगायला विसरू नये.

घरी परतण्याचा प्रवास

बहुतेकांची परतीची विमानं दोन-तीन दिवसांतच असतात. दुबई, दोहा अशा ठिकाणी विमान बदलत मुंबई गाठायला पंधरा-वीस तास सहज जातात. सुजलेले पाय आणि तासन्‌तास बसून राहणं या दोन्हींमुळे पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. कडेची जागा घ्यावी, दर तासाला उठून चालावं, दाब देणारे मोजे घालावेत. एकाच पिंढरीत सूज, ऊब आणि दुखणं जाणवलं तर ‘क्रॅम्प असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

पहिला आठवडा: ताट, अंथरूण आणि पावलं

पहिल्या दोन दिवसांत भूक विचित्र वागते. काहींना खावंसंच वाटत नाही, काहींना रात्री दोन वाजता उठून खावं लागतं. दोन्ही स्वाभाविक आहे. तासन्‌तास रक्त पायांकडे वळलेलं असल्याने आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं, म्हणून सुरुवातीला मऊ आणि ओळखीचं अन्न बरं: मुगाची खिचडी, वरणभात, दही-भात, ताक, केळं. मग प्रथिनं वाढवत न्यावीत. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिन धरलं, तर ६० किलोच्या माणसाला सुमारे ९५ ग्रॅम लागतं. आपल्या नेहमीच्या पोळी-भाजीच्या ताटात एवढं येत नाही. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांचं सोपं आहे. न खाणाऱ्यांनी दोन्ही वेळेला उसळ किंवा घट्ट वरण, पनीर, दही, सोयाबीन हे ठरवून घ्यायला हवं. या आठवड्यात वजन कमी करायचा विचारही करू नये. पाय सुजल्यामुळे काटा आधी उलट वरच जातो आणि चार-पाच दिवसांनी खाली येतो.

झोप पहिल्या रात्री लागत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. अंग ठणकत असतं, पायांना सैरभैर वाटतं, मेंदू शर्यत पुन्हा पुन्हा धावत असतो. दोन-तीन दिवसांनी झोप येऊ लागली की मिळेल तेवढी घ्यावी. सुट्टी घेताना प्रवास संपल्यावरचा एक पूर्ण दिवस घरी राहील असं बघावं.

बर्फाच्या पाण्यात पाय बुडवल्याने ठणका कमी होतो, पण स्नायू त्यामुळे लवकर भरून येतात असं समजू नये. मालिश पहिले दोन-तीन दिवस नको. नंतरही हलक्या हाताने. ‘गाठी मोडून काढतो’ म्हणत अंगठा रुतवणाऱ्याकडे या आठवड्यात जाऊच नये, मोडलेल्या स्नायूला आणखी मोडून काही साधत नाही. रोज वीस मिनिटं सपाटीवर रमतगमत चालणं मात्र फार उपयोगी पडतं.

काळं पडलेलं नख ओढून काढू नये. त्याखाली साकळलेलं रक्त फार ठणकत असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने ते मोकळं करतात. नख आपलं आपण सुटतं. अंगठ्याचं नवं नख पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. फोडाची वरची कातडी शाबूत असेल तर ती ठेवावी, तीच उत्तम पट्टी असते.

इथे आपल्या महाराष्ट्राची एक खास गोष्ट. कॉम्रेड्सहून परतावं तर मुंबई-कोकणात पाऊस सुरू झालेला असतो. रस्त्यांवर पाणी साचलेलं असतं आणि त्यात उंदरांची लघवी मिसळलेली असू शकते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या उघड्या जखमेतून शरीरात शिरतात. फुटलेले फोड आणि सुटलेली नखं घेऊन गुडघाभर पाण्यातून ऑफिस गाठणं टाळावं. जावंच लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवावेत आणि डॉक्टरांना प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘शर्यतीचा थकवा’ म्हणून अंगावर काढू नये.

सर्दी-खोकल्याचे दोन आठवडे

केपटाऊनची टू ओशन्स ही ५६ किलोमीटरची शर्यत. तिथल्या धावपटूंवर १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अजूनही सांगितला जातो. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत ३३ टक्के धावपटूंना घसा, नाक, खोकला यांचा त्रास झाला. त्यांच्यासोबत राहणाऱ्या पण न धावलेल्या लोकांमध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होतं. यातला काही भाग खरा संसर्ग, काही भाग कोरड्या हवेने श्वासमार्ग सुजल्याचा, असा वाद पुढे झाला. धावपटूने यातून घ्यायचं ते इतकंच, की या दोन आठवड्यांत गर्दीचे सत्कार आणि रात्रीची जागरणं शक्य तितकी टाळावीत. गावाला मिरवणूक काढायचीच असेल तर ती तिसऱ्या आठवड्यातही काढता येते.

पुन्हा धावायला कधी लागावं

न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर वयाच्या ४१व्या वर्षी, १९७४ मध्ये २ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन धावले होते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे: शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जोरात धावायचं नाही. कॉम्रेड्सचे सुमारे ५६ मैल, म्हणजे आठ आठवडे. हा प्रयोगशाळेतून आलेला नियम नाही, पण वर सांगितलेल्या उडीच्या अभ्यासाशी आणि कंडरांच्या संथ चालीशी तो चांगला जुळतो. आठ आठवडे धावायचंच नाही असा त्याचा अर्थ नाही. वेग, चढ-उतार आणि स्पर्धा तेवढी बाजूला ठेवायची.

मला पटलेली चाल अशी. पहिला आठवडा फक्त चालणं. दुसऱ्या आठवड्यात पोहणं किंवा सपाटीवर सायकल, तेही दम न लागता. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड वीस-तीस मिनिटांची हलकी धाव, सोबत्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येतील अशा गतीची. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात हळूहळू तासाभरापर्यंत. सातव्या-आठव्यात पहिला छोटा चढ.

तारखेपेक्षा दोन परीक्षा जास्त भरवशाच्या आहेत. पहिली नाडीची. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर मोजायची. शर्यतीआधीच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ती पाच-सात ठोक्यांनी जास्त असेल तर त्या दिवशी फक्त चालायचं. दुसरी पायरीची. सोसायटीच्या जिन्यातल्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकेपर्यंत सावकाश खाली जायचं, मग त्याच पायाच्या जोरावर वर यायचं. असं दहा वेळा. गुडघा आत वळत असेल, थरथरत असेल, किंवा खाली जाताना धप्पकन आपटत असेल, तर मांडी अजून तयार नाही. दोन्ही पाय सारखे होईपर्यंत उतार वर्ज्य.

हाडांचं घड्याळ सगळ्यांत सावकाश चालतं. ताण पडलेलं हाड शरीर आधी पोखरतं आणि मग नव्याने भरतं. पोखरण्याचं काम तीनेक आठवड्यांत होतं, भरण्याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे शर्यतीनंतर महिनाभराने, जेव्हा सगळं छान वाटत असतं, तेव्हाच हाड कच्चं असू शकतं. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा, लंगडी घातल्यावर तिथेच कळ, रात्री ठणका, ही लक्षणं दिसली तर धावणं बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे. सुरुवातीच्या एक्स-रेत बारीक भेग अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागू शकतो.

जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत पालख्या पुण्यात येतात आणि एक तरी टप्पा चालावा अशी ओढ अनेकांना असते. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा तीसेक किलोमीटरचा आहे. कॉम्रेड्सला तीन आठवडेही झाले नसतील तर तेवढं चालणं शरीराला नवा ताणच आहे. त्या वर्षी हडपसरपर्यंत सोबत करून परतावं.

मधला रिता काळ

सहा महिने पहाटे चारला उठण्याला एक कारण होतं. ते संपलं. पहिल्या आठवड्यातलं कौतुक ओसरलं की अनेकांना उदास वाटतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. यात झोपेच्या बिघाडाचा, संप्रेरकांच्या चढउताराचा आणि थकव्याचा वाटा असतो. कमकुवतपणाचं ते लक्षण नव्हे. घरच्यांनाही हे ठाऊक असावं. दोन-तीन आठवड्यांपलीकडे लांबलं, झोप-भूक गेली, तर समुपदेशकाशी बोलण्यात संकोच नको.

या रितेपणावरचा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे लगेच दुसऱ्या शर्यतीला नाव घालणं. फोनवर दोन बटणं दाबली की पुन्हा ध्येय मिळतं. पहिले तीन आठवडे कुठेही नोंदणी करू नये, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. त्या काळात करण्यासारखं एक चांगलं काम आहे: शर्यत लिहून काढणं. कुठल्या किलोमीटरला गोळे आले, काय पोटात टिकलं, काय उलटलं, कुठला बूट चावला, कुठे चाललो. महिन्याभरात यातलं निम्मं विसरायला होतं.

स्त्री धावपटूंनी आणखी एक नोंद ठेवावी, पाळीची. तयारीच्या महिन्यांत पाळी लांबली किंवा थांबली असेल तर खर्च होणाऱ्या ऊर्जेइतकं अन्न पोटात जात नाही असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि त्याची किंमत हाडांना मोजावी लागते. पाळी नियमित होईपर्यंत आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं होईपर्यंत पुढची अल्ट्रा ठरवू नये.

पुढची शर्यत: मोठ्या धावपटूंचं गणित

ब्रूस फोर्डिस कॉम्रेड्स नऊ वेळा जिंकले, १९८१ ते १९८८ सलग आणि मग १९९०. मधलं १९८९ का सुटलं? त्या वर्षी ते आधी स्टेलनबॉशला १०० किलोमीटरची शर्यत जोरात धावले होते, आणि काही महिन्यांतच पुन्हा कॉम्रेड्स जिंकण्यासाठी उतरणं त्यांनी टाळलं. जगातल्या सर्वांत यशस्वी कॉम्रेड्स धावपटूनेही त्या वर्षी काही महिन्यांत दुसरी मोठी शर्यत ताकदीने धावणं टाळलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे नोकरी-संसार सांभाळून धावणारे वर्षाला तीन-तीन अल्ट्रा आखतात.

लांब खंडानंतरही परतता येतं, याचं उदाहरण वॉली हेवर्ड यांचं. ते १९३०ची कॉम्रेड्स एकविसाव्या वर्षी जिंकले आणि दुसऱ्यांदा जिंकले ते थेट १९५० मध्ये. त्यानंतर आणखी तीनदा. १९८९ मध्ये ऐंशी वर्षांचे असताना त्यांनी तेव्हाच्या वेळमर्यादेच्या दोन मिनिटं आत ही शर्यत पूर्ण केली.

नवख्यांना खुणावतं ते ‘बॅक टू बॅक’ मेडल. पहिली कॉम्रेड्स पूर्ण केल्यावर लगेच पुढच्या वर्षीची दुसरीही पूर्ण केली तरच ते मिळतं, नंतर कधीच नाही. मोह समजण्यासारखा आहे. पण सप्टेंबर उजाडला तरी गुडघा कुरकुरत असेल, फेरिटिन खालीच असेल, तर ते मेडल सोडून द्यावं.

महाराष्ट्रातल्या धावपटूचं वर्ष

सुदैवाने आपलं हवामान विश्रांतीच्या बाजूचं आहे. जून-जुलैचा पाऊस लांब धावण्याला आपोआप लगाम घालतो. १५ ऑगस्टला मुंबईत शिवाजी पार्कची बारा तासांची अल्ट्रा असते, कॉम्रेड्सनंतर नऊ-दहा आठवड्यांनी. तेवढ्या काळात जेमतेम सावरणं होतं, तयारी होत नाही. त्या दिवशी पाणी वाटायला उभं राहावं, धावायला नाही. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन येते. पायरीची परीक्षा पार झाली असेल तर यवतेश्वरचा घाट निवांत चढून यावा, मात्र परतीच्या उतारावर घड्याळ बघू नये.

सप्टेंबर ते डिसेंबर हे पाया घालण्याचे महिने: आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम, हळूहळू वाढणारे किलोमीटर. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन अनेकांसाठी कॉम्रेड्सची पात्रता असते. ४ तास ५० मिनिटांच्या आत ४२ किलोमीटर पूर्ण केल्याचा दाखला लागतो. ती जीव तोडून न धावता पात्रतेपुरती धावली तर दहा-बारा दिवसांत सरावावर परतता येतं. फेब्रुवारीत लोणावळ्याची ५० किलोमीटरची रात्रीची धाव लांब सराव म्हणून छान. मार्च-एप्रिलात उन्हाआधीचे लांब पल्ले, आणि मेच्या उत्तरार्धापासून टेपर, म्हणजे सराव कमी करत नेणं.

डाउनरनचं वर्ष असेल तर उताराचा सराव नियोजनात लिहूनच ठेवावा. एकदा उतार धावून स्नायू दुखावले की पुढचे काही आठवडे तसाच ताण ते कितीतरी चांगला सोसतात. म्हणून मार्च ते मेच्या दरम्यान बोपदेव, पसरणी, सिंहगडाचा रस्ता किंवा यवतेश्वर अशा घाटांत तीन-चार लांब उतार घ्यावेत, शेवटचा शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी. हा सराव असलेला धावपटू शर्यतीनंतरही लवकर सावरतो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विश्रांतीची तयारी खरं तर एप्रिलच्या घाटातच सुरू होते.

राहता राहिला खर्च आणि घर. प्रवेशशुल्क, विमान, व्हिसा, डरबनमधला मुक्काम हे सगळं मिळून मोठी रक्कम होते, आणि त्यावर सहा महिन्यांचे रविवार जातात, जे घरच्यांचेही असतात. कॉम्रेड्सची नोंदणी बहुधा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुमारास उघडते. त्याआधी ऑगस्टअखेर, आठ-दहा आठवडे सरलेले, रक्ताचे अहवाल हातात आणि पायऱ्यांवर गुडघा स्थिर असताना, जोडीदारासोबत बसून कॅलेंडरवर मुलांच्या परीक्षा, लग्नकार्यं, ऑफिसची मार्चअखेर हे आधी लिहावं आणि उरलेल्या जागेत लांब धावांचे रविवार भरावेत. जागा पुरली नाही तर नोंदणी पुढच्या वर्षी.